गणपतीखालचा टीव्ही

बाबा,

काल लेकीचा फोन आला. ती शिकायला इंग्लंडला गेली आहे आणि एका मित्राबरोबर भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहते. मित्र म्हणजे कोण हे तुम्हाला समजलं असेल आणि मुळीच पटलं नसेल, पण तुमचं पटणं आता कोण विचारतंय! त्यांच्या घरी टीव्ही नाही, आजकालच्या पोरांना तो लागतही नाही. तरी टीव्ही ठेवण्याची सरकारी फी वसूल करणाऱ्या तिकडच्या लायसन्सवाल्यांची पत्रं येत राहतात. तुमच्याकडे लायसन्स नाही, उत्तर द्या, नाहीतर माणूस पाठवू. मी इथे वन-नॉर्थच्या बिझनेस पार्कात, ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेत उभी होते आणि ती हसत सांगत होती, "आई, सो फनी लाह! पुन्हा लेटर आलं. ही गॉट सो अँग्री, कप फेकला भिंतीवर. ओन्ली कप, आई. नॉट ॲट मी." माझा चहा हातावर सांडला. नॉट ॲट मी, हे तिनं न विचारता सांगितलं होतं. कपापासून बत्त्यापर्यंत जायला किती दिवस लागतात, हे तुमच्याशिवाय मला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

तुम्ही जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटवर सेफ्टी इंजिनियर होता. कंपनीच्या बसमधून जायचात, गळ्यात पास, इस्त्रीचा शर्ट. हेल्मेटचा पट्टा न लावणाऱ्या माणसाला गेटवरून परत पाठवायचात आणि ते घरी येऊन अभिमानाने सांगायचात. प्लांटवर अपघात झाला तर रिपोर्ट लिहायचाच, पण थोडक्यात टळला त्याचाही लिहायचा, हा तुमचा नियम. जेवताना मला शिकवायचात, "मोठा अपघात एकदम होत नसतो. आधी बऱ्याचदा थोडक्यात चुकलेला असतो आणि कोणी लिहून ठेवलेलं नसतं." मी मान हलवायची, आई पोळी वाढायची. तिच्या भुवईवरच्या टाक्यांचा रिपोर्ट कोणी लिहिला नव्हता, हे तुमच्या लक्षात यायचं की नाही देव जाणे.

त्या संध्याकाळी काय घडलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी सांगणार आहे, कारण ते तुम्ही कधीच नीट सांगितलं नाहीत. आई हॉलमध्ये खाली बसून खलबत्त्यात लसूण-मिरची कुटते आहे आणि समोर टीव्हीवर तमिळ मालिका चालू आहे. तिला तमिळ येत नव्हतं. पण त्यातल्या बायका साड्या नेसून स्वयंपाकघरात भांडायच्या, तेवढ्यानेच तिला बरं वाटायचं. तुम्ही बेल वाजवलीत, तिला ऐकू आली नाही. मी आतून धावत येऊन दार उघडलं. तुम्ही बूट न काढता आत गेलात, तिच्या हातातला लोखंडी बत्ता ओढून घेतलात आणि तिच्या डोक्यावर नेम धरून फेकलात. ती वाकली. बत्ता टीव्हीत घुसला आणि असा धमाका झाला की शेजारची चिनी आजी कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिली. सगळीकडे काच, आईच्या केसांत, गळ्याशी, भुवईत. तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "बघ, तुझ्यामुळे टीव्ही फुटला."

तो टीव्ही तुम्ही टाकूनही दिला नाहीत. आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबायची नाही. फुटकं धूड सगळ्या शेजाऱ्यांच्या दारांवरून नेऊन जिना उतरावा लागला असता. भंगारवाला अंकल हॉर्न वाजवत यायचा तेव्हा तुम्ही खिडकीच्या काचा बंद करायचात. मग त्या टीव्हीवर आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा टाकला गेला, समोरून जमिनीपर्यंत सोडलेला, आणि तो आपल्या हॉलमधला एक छान टेबल झाला. बत्ता आत तसाच राहिला, कारण तो काढायचा तर तिथे बघावं लागलं असतं. तुम्ही मात्र हिशेबाला चोख. टीव्ही चालत नाही, तर लायसन्स कशाला? तुम्ही ते बंद केलंत आणि पत्रं सुरू झाली.

खालच्या लेटरबॉक्सची किल्ली आई माझ्या दप्तरात ठेवायची. शाळेतून येताना मी तो उघडायची आणि पारदर्शक खिडकीचं ते सरकारी पाकीट दिसलं की जिना हळूहळू चढायची. लपवून उपयोग नव्हता, पुढचं आणखी कडक भाषेत यायचं. तुम्ही उभ्याउभ्या वाचायचात. "मी लिहून कळवलंय घरात टीव्ही नाही म्हणून. मला खोटं ठरवतात हे!" टीव्ही तुमच्यापासून हाताच्या अंतरावर, आणि तुम्ही हे म्हणताय. मग आईकडे वळायचात. "तूच बोललीस कोणाकडे तरी. त्या म्हातारीला सांगितलंस ना?" मग केस धरून ओट्यापर्यंत. मग ओट्याच्या कडेवर कपाळ. एकदा तिचं करंगळीचं हाड दारात चिरडलंत, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर केलेल्या त्या हाताने तिनं तुमचा डबा भरला. लायसन्सवाल्यांचा मला इतका राग यायचा की त्यांना पकडून बदडावं असं वाटायचं. तुमचा राग करायला मी तेव्हा घाबरत होते, म्हणून त्यांचा करत होते.

मग एका वर्षी चतुर्थी शनिवारी आली. आपला दीड दिवसाचा गणपती, नेहमीप्रमाणे इरकलीच्या टेबलावर बसवलेला. संध्याकाळच्या आरतीला दोन मराठी कुटुंबं आली होती, त्यातले एक बँकेतले काका, तुमचे खास. तबक तयार आहे, निरांजन लावलंय, आणि बेल वाजते. दारात गळ्यात पास लटकवलेला एक मलय गृहस्थ, पिकलेल्या केसांचा. शांतपणे चपला काढतो आणि म्हणतो, "सॉरी टू डिस्टर्ब, सर. टीव्ही लायसन्स. क्विक चेक ओन्ली." तुम्ही म्हणालात, टीव्ही नाही. त्याची नजर इरकलीच्या बाजूने दिसणाऱ्या लाकडी पायांवर गेली. "सर, दॅट वन व्हॉट?" तुम्ही म्हणालात, "गॉड." काका हसले. तोही हसला. "ओके, ओके. नो नीड टू मूव्ह द गॉड. आय ओन्ली सी द फ्रंट." आणि त्यानं इरकलीचं टोक उचललं.

मखरातल्या दिव्यांचा उजेड थेट त्या भोकात पडला होता आणि बत्ता स्पष्ट दिसत होता. "हू डू धिस?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "माय डॉटर. प्लेइंग." मी तुमच्याकडे बघत राहिले. आणि आई, जिनं इतक्या वर्षांत दुकानदाराशीसुद्धा धड इंग्रजीत बोलायचं धाडस केलं नव्हतं, ती तबक हातात धरून म्हणाली, "नो. ही थ्रो. ॲट मी."

तुम्ही सगळ्यांसमोर तिच्या तोंडात मारलीत. तबक खाली पडलं, निरांजन विझलं, तूप जमिनीवर पसरलं. त्या माणसानं तुमचा हात धरला तर तुम्ही त्याला ढकललंत, त्याचा चष्मा तुमच्या पायाखाली मोडला. आणि काका काय म्हणाले आठवतंय? "अहो, घरातली गोष्ट आहे. सणाचा दिवस आहे. चला, आरती करून घेऊ." त्या माणसानं मोडका चष्मा उचलला आणि तुमच्याकडे न बघता आईला विचारलं, "आंटी, आय कॉल पोलीस?" तिचा ओठ फाटला होता. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, आज नको. गणपती घरात आहे." मी सांगितलं. त्यानं मूर्तीकडे पाहिलं, मग मला विचारलं, गॉड कधी जाणार? मी म्हटलं, उद्या दुपारी. "ओके. देन टुमॉरो इव्हनिंग आय कम. चेक अगेन. प्रॉपरली." तुम्ही तो गेल्यावर शिव्या दिल्यात, सरकारी माणसं कशी चिकट असतात म्हणून. मलाही तेच वाटलं. आणि मग आरती झाली, बाबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं दुसरं निरांजन लावून, फुटक्या ओठानं, शेवटपर्यंत म्हटली.

देव घरात असताना घर सोडायचं नाही, एवढ्यासाठी ती आणखी एक दिवस राहिली. मी आजही तिच्यावर त्यासाठी चिडते. दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला आणि तुम्ही उठलात. तो माणूस यायच्या आत टीव्हीचे तुकडे करून पिशव्यांत भरायचे, असं तुम्ही ठरवलं होतं. तुम्ही मूर्तीला हात घातलात. आई म्हणाली, "थांबा. अजून उत्तरपूजा व्हायची आहे." एवढंच म्हणाली. तुम्ही तिला मानेला धरून खाली दाबलंत, इरकल फाटून निघाली, आणि तिचं तोंड त्या फुटक्या काचेकडे ढकलू लागलात. गणपती वर डुगडुगतोय. मी एका हातानं त्याला धरलंय आणि दुसऱ्या हातानं तुमच्या शर्टाला. तोंड वाचवायला आईनं हात पुढे केला, तो कोपरापर्यंत टीव्हीत गेला. बाहेर आला तेव्हा रक्ताने माखला होता आणि त्यात बत्ता होता.

तुमचं मनगट मोडल्याचा आवाज कोरड्या काटकीसारखा आला. तुम्ही खाली बसलात. तिनं बत्ता पुन्हा उचलला, या वेळी वरपर्यंत, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी "आई, नको" म्हटलं नाही. तिनंच तो खाली ठेवला. मग हात धुतला, पदर खोचला, गणपतीवर अक्षता वाहिल्या, दही ठेवलं आणि मूर्ती जागची हलवली. बाथरूममधल्या निळ्या बादलीत विसर्जन केलं. पुढच्या वर्षी लवकर या, असं मात्र म्हणाली नाही.

संध्याकाळी तो माणूस आला. चष्म्याला चिकटपट्टी, आणि बरोबर गणवेशातली एक पोलीस बाई. तेव्हा मला समजलं की तो टीव्ही बघायला येणारच नव्हता. तुम्ही मनगट छातीशी धरून म्हणालात, विसर्जनाच्या पाण्यावरून बाथरूममध्ये घसरलो. पोलीस बाई आईच्या तोंडाकडे बघत होती. तो टीव्हीजवळ जाऊन बसला, आतमध्ये पाहिलं. काल तिथे काय होतं ते त्याला माहीत होतं. आज ते आईच्या पिशवीत होतं. तो उठला आणि म्हणाला, "टीव्ही कॅनॉट वर्क. माय साइड फिनिश." मग आईची पिशवी त्यानंच उचलली आणि आम्ही कॉरिडॉरमधून, सगळ्या उघड्या दारांवरून, जिन्याकडे गेलो. चिनी आजीनं माझ्या हातात एक संत्रं ठेवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कोर्टाचा हुकूम, आईची कॅन्टीनमधली नोकरी, आमची वेगळी खोली. तुमचं मनगट वाकडंच जुळलं. टीव्हीचं लायसन्स तर नंतर इथल्या सरकारनं रद्दच करून टाकलं. आणि मग तुम्ही म्हातारे झालात. रविवारी हॉकर सेंटरला जेवायला येऊन माझ्या लेकीला संत्री सोलून द्यायचात. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, व्हाय युवर हँड लाइक दॅट?" मी म्हटलं, "बाथरूममध्ये घसरले." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खाली बघून सोलत राहिलात, एकही पांढरा धागा न ठेवता. तुम्ही गेलात तेव्हा ती खूप रडली. ती अजूनही आजोबांच्या संत्र्यांबद्दल बोलते. तिला ते आजोबा मिळावेत म्हणून मी खोटं बोलले नव्हते, बाबा. मलाच तसे बाबा हवे होते.

पण कप भिंतीवर फुटला आहे. थोडक्यात टळलं आहे, आणि त्याचा रिपोर्ट लिहायचा हे तुम्हीच शिकवलंत. मी काल तिला एवढंच म्हटलं, "तो लायसन्सचा माणूस आला तर दार उघड. आत बोलाव. चहा दे." ती म्हणाली, "आई, व्हाय सो सीरियस?" मागे कोणीतरी दार आपटलं आणि ती गडबडीने म्हणाली, "ओके, गॉट टू गो." मी शुक्रवारचं तिकीट काढलंय. विमानात शेजारी कोणी नसेल तर वाक्य घोकत जाणार आहे: तुझे आजोबा बाथरूममध्ये पडले नव्हते. ते मला तिच्यासमोर बोलता येईल की नाही, अजून सांगता येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते इथेच राहील. बॅग भरून झाली आहे. आई गेल्यापासून बत्ता माझ्याकडे असतो. तो हातातल्या सामानात चालत नाही, म्हणून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवलाय, लेकीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. तिनं विचारलं तर सांगेन, तुझ्या चहात आलं कुटायला आणलाय.