राखेतून आलेला मणी

प्रिय कुंदे,

आज मसणघाटाखाली रेती धुवायला परात फिरवताना तुझा मणी आला. तुझाच! दगडावर ठोकताना माझ्याकडून एक बाजू चपटी झाली होती ना, तीच. सांगू कुणाला? म्हणून तुलाच लिहितोय.

आठवतं? बेसा गावाहून कॉलेजला निघालो होतो. इतवारीत सोन्याच्या कणांसाठी सराफांच्या नालीतला गाळ उपसताना तू दिसलीस आणि गाडी तिथंच थांबली. "काहून पाहून राहिला गा? नालीत पडशीन!" पडलोच की! वर्गात परत गेलो नाही. बापाशी भांडलो आणि तुमच्या पालामागं निघालो. खापा, कन्हान, पार वैनगंगेपर्यंत.

दिवसभर पाण्यात उभं राहून रेती धुवायची. संध्याकाळी कणभर पिवळं विकलं की चूल पेटायची. मी "सापडलं!" म्हणून ओरडायचो, तू पाणी उडवायचीस. "आलं म्हणाव गा! सापडलं म्हटलं का ते रुसते."

डोरलंही तुला दुकानातलं नको होतं. "तुह्या हातानं धुतलेला मणी पाहिजे मले." एकेक कण लपवून तेवढा एकच मणी झाला होता गं!

आणि त्या सकाळी तू ओळखीचं पाणी म्हणून नदीत शिरलीस. आदल्या दिवशी गुडघाभर होतं. रेतीवाल्यांच्या मशीननं रातोरात रेती उपसून तिथं विहीर केली होती. मी हाक मारली, ऐकलीस का नाही? मशीनची काच फोडली मी. काय उपयोग?

गेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं ठेवतात. सोनं धुणाऱ्यांच्या पालात त्या दिवशी सोनं नव्हतं! तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. गळ्यात घालायचा मणी मी तुझ्या तोंडात ठेवला.

तुमच्याकडे त्या सोन्यासाठी घाटावरची राखही धुतात. तुझी मी धुऊ दिली नाही, नदीत सोडली. पण नदी खाली आणतेच.

मणी पाहून तुझी आई म्हणाली, "तिचा हाय. जिथं गेली तिथं सोड." खरं सांगू? मीही मण्यासोबत उतरणार होतो. तिनं ओळखलं असावं. परात हातात देत म्हणाली, "येतानी रेती भरून आन. तू बी गेला तं मह्यासंगं धुवन कोण गा?"

वचन देतो, कुंदे. उद्या मणी एकटाच जाईल, मी काठावरून परत येईन. आणि यापुढे कधीच "सापडलं" म्हणून ओरडणार नाही. रुसू नको. ये.

तुझा,
नालीत पडलेला कालेजवाला