छातीवरची पट्टी

प्रिय दादा,

रविवार, सकाळचे सव्वासात. तालमीतल्या सुईच्या औषधाच्या सगळ्या कुप्या दगडाने ठेचून आत्ताच घरी आलोय. वस्तादांनी थोबाडीत मारली, ओठ फाटलाय. हातात काच गेलीय. कागदावर रक्ताचा डाग पडला तर रागावू नकोस.

का फोडल्या? काकांचा गण्या आज लंगोट बांधत होता. सदरा वर सरकला, तर खाली अगदी तुझ्यासारखी पट्टी, छातीला करकचून!

तुझी छाती सुजली तेव्हा मला का नाही सांगितलंस? वस्तादांना सांगितलंस. ते म्हणाले, "मर्दानगी कमी पडून राहिली तुझी. सुई वाढव." तू वाढवलीस. सूज वाढली. तू आणखी वाढवलीस!

तू गेल्यावर मी लातूरच्या एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळा, इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणतात ते संप्रेरक, प्रत्येक धडधाकट पुरुषात थोडं असतंच. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. पुरुषाचं संप्रेरक बनवायचा हुकूम तीच सोडते. इस्ट्रोजेन तिला सांगतं, पुरे, थांब. तुझ्या भावाच्या सुईत पुरुषाचंच संप्रेरक होतं; जास्त झालं तसं त्याचंच अंगात इस्ट्रोजेन होत गेलं. छाती सुजली आणि ग्रंथी गप्प झाली."

म्हणजे तू बायल्या झाला नव्हतास, दादा! पुरुषाचं संप्रेरक कमी नव्हतं, जास्त झालं होतं.

हिमायतनगरच्या कुस्तीच्या फडात समोरच्या गड्याने तुझ्या छातीला चिमटा काढला. "पहिलवान, दूध काढू का?" सगळा फड हसला. पंचांची शिट्टी वाजली तरी तू त्याचा हात पिरगळतच राहिलास. हाड मोडल्याचा आवाज मला मागच्या रांगेत ऐकू आला. मग एसटी स्टँडमागे त्याचे भाऊ लोखंडी गज घेऊन आले. फुटलेलं डोकं माझ्या मांडीवर ठेवून तू काय म्हणालास? "पट्टी सोडू नको. लोक बघतील."

एवढ्यासाठी?

आप्पांनी लेकाच्या सरणावरही ती कुणाला सोडू दिली नाही. तुझ्याबरोबर जळाली.

आज गण्या माझ्यावर धावून आला, गचांडी धरली. मी म्हटलं, "मार. पण आधी ऐक." सगळं सांगितलं. त्याची मूठ माझ्या तोंडासमोर तशीच थांबली. मग म्हणाला, "माधवदादा, लई दुखून राहिलंय."

वस्ताद मागून ओरडले, "त्याला कुठं नेलंस तर तंगडं मोडीन तुझं!"

मोडू देत. उद्या पहिल्या एसटीने त्याला लातूरला नेणार. डॉक्टरबाईंसमोर त्याची पट्टी मी माझ्या हाताने सोडीन. हा शब्द तुला.

तुझी सोडायची राहिली.

तुझा,
माधव