विहिरीजवळचं गोल्डनरॉड

ठाकूरद्वार, मुंबई

प्रिय जयवंत,

तुरुंगात येणारी पत्रं आधी साहेब वाचतात म्हणे. वाचू देत. सत्याग्रहाला निघालेला माणूस शेजारणीला घोषणा नाही, झाड देऊन गेला, हे त्यांनाही कळू दे.

तर तुझं गोल्डनरॉड यंदा विहिरीजवळ कमरेच्या वर गेलं. राणीच्या बागेतल्या माळ्याकडून फडक्यात बांधून आणलेलं ते मूळ तू लावलंस, तेव्हा अख्खी वाडी हसली होती. यंदा पिवळ्या तुऱ्यांनी ते वाकलं, तेव्हा हसणारेच फुलं मागत आले. तुमच्यातले काहीजण सुटून आले, त्यांच्या हारांतही तुझेच तुरे होते. मी जिन्यापाशी उभी राहून एकेक चेहरा पाहिला. तू नव्हतास. तुझ्या आईचा खोकला आता कमी आहे, काळजी करू नकोस.

आमच्याकडे सांगलीच्या स्थळाचं चाललंय. मुलगा बँकेत आहे, बघायला यायचं म्हणतो. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

त्यात परवा आईने घोळ घातला. फुलं सुकली की झेंडू उपटायचा, ही तिची जन्माची सवय. त्याच हिशेबाने तिने तुझं झाडही उपटून कचऱ्यात टाकलं. मी शाळेत शिकवून परतले, पाहिलं, आणि विहिरीशी बसून वाडीदेखत रडले. चंपामावशी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अगं, झाडासाठी कोणी इतकं रडतं?" मग तिच्याच ध्यानात आलं. आईच्याही. मी कचऱ्यातून मुळं काढली, तर त्यांना नवे कोंब होते. वेगळी करून तीन जागी लावली, जुने दांडे छाटले. तगतील असं वाटतं.

संध्याकाळी बाबांनी जवळ बसवलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ओरडले नाहीत. म्हणाले, "स्थळाला महिनाअखेरपर्यंत थांबवतो. पण त्या जयवंतने तुला कधी विचारलंय का?" जयवंत, तू विचारलंस कुठे? पाणी किती घालायचं ते तू सांगितलंस, छाटायचं कधी ते सांगितलंस, आणि पोलिसांच्या गाडीत चढलास. म्हणून हे पत्र. मला नको, बाबांना दोन ओळी लिही. तुझ्या मनात तसं काही नसेल तर तेही लिही, म्हणजे ते सांगलीला कळवतील.

तुझीच (हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे),
कांता