गाणं भागिरथेचं, बदनामी माझी

कामरगाव,
सोमवार (सकाळ, चहा अजून मिळालेला नाही)

आदरणीय संघपालदादा यांना देवमनचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत कशी आहे? वहिनींच्या गुडघ्यांना पुण्याची लिफ्ट मानवली का? इकडे तुमची बहीण अत्यंत सुखात आहे. (हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावे.) माझ्या तब्येतीचं तुम्ही विचारणार नाही, तरी सांगतो, घास गिळवत नाही. फोन केला तर तुम्ही उचलत नाही, वहिनी उचलतात आणि माझा आवाज ऐकताच ठेवतात. तुमचा निरोप मात्र मोबाईलवर पोचला: "शुकरवारी येतो अन् माह्या बहिणीले घेऊन जातो." म्हणून हे पत्र. फाडण्याआधी वाचावे, आधीच फाडले असल्यास तुकडे जोडून वाचावे.

काल टीव्हीवर तुम्ही मला पाहिलंत. आता खरं काय झालं ते ऐका.

कारंजा डेपोतून एसटीचा ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यापासून मी घरीच. शेजारच्या सुंदरबाईचा टीव्ही व्होल्टेज वाढून जळाला, तेव्हापासून ती आणि तिचे यजमान पुंजाजी रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. टीव्ही एक आणि पक्ष चार. आमच्या भागिरथेला 'गळ्याशपथ' पाहिजे, म्हणजे ती गाण्याची स्पर्धा. सुंदरबाईला 'कडीबंद', ज्यात धडधाकट माणसांना एका बंगल्यात कोंडतात आणि ती माणसं भांडी कोणी घासायची यावरून एकमेकांचा उद्धार करतात. (आपल्या गावात हा कार्यक्रम घरोघरी फुकट चालतो, हे मी एकदा बोललो. पुन्हा बोललो नाही.) पुंजाजींना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना नाच. मला बातम्या, पण माझ्या पक्षाला अनुमोदक मिळत नाही. जाहिराती लागल्या की दोघींची चर्चा सुरू होते, जशी काही सगळे स्पर्धक आपल्याच भावकीतले. सुंदरबाई म्हणते, 'गळ्याशपथ'मधलं रडणं खोटं आणि 'कडीबंद'मधलं भांडण खरं. भागिरथा म्हणते, रडणं खोटं असेल पण गाणं तर खरं आहे, तुझ्या त्या बंगल्यात खरं काय आहे, खरकटं? मग सुंदरबाई रुसते, घरी जाते, आणि घरी टीव्ही नाही हे आठवलं की परत येते.

अशाच एका जाहिरातीत सुंदरबाई बोलून गेली, "ह्या पोरीपक्षा तू भाकरी थापता थापता बरी गातं वं भागिरथे." पाठोपाठ टीव्हीवरच सांगितलं की वाशीमला 'गळ्याशपथ'ची निवड आहे. माझ्या घराची शांतता त्या वाक्याबरोबर गेली ती गेलीच.

आम्ही एसटीने गेलो. (ओळखीमुळे ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली आणि वाशीमपर्यंत मी पायाने ब्रेक दाबत होतो.) हॉलमध्ये रिसोडपासूनच्या पोरी नटूनथटून आलेल्या, त्यात भागिरथा आपली पांढऱ्या लुगड्यात. तिने तुमच्या आईची ओवी म्हटली, जात्यावरची, बाबासाहेबांची. दादा, मी दाराबाहेर पाण्याची बाटली धरून उभा होतो. इतकी वर्षं संसार झाला, पण तो आवाज असा मोकळा, भिंतीला आपटून परत येताना मी कधी ऐकला नव्हता. बाटली हातात कधी तिरपी झाली ते कळलंच नाही, चपला भिजल्या तेव्हा समजलं.

तिथे निवड करणारी एक तरणी पोरगी होती. ती म्हणाली, "काकू, आवाज कमाल आहे. पण तुमची स्टोरी काय?"

भागिरथा म्हणाली, "कायची स्टोरी?"

म्हणजे दुःख, पोरीने समजावलं. घरी कोणी आजारी? नाही. मुलांनी टाकलं? छे, मुलगा नागपूरला नोकरीला, पोरगी सासरी खुशाल. पाण्याचे हाल? नळ दारात. पोरीचा चेहरा उतरत चालला. इतका चांगला आवाज आणि एवढं साधं दुःख नाही! तेवढ्यात मी दारातून आत डोकावलो. माझ्या मिशा तुम्हाला माहीत आहेत. डोळे आयुष्यभर गाडीवर वारा खाऊन लाल. उन्हाळ्यात टँकर दिसल्यावर बायका बघतात तसं त्या पोरीने माझ्याकडे बघितलं.

"काका कसे आहेत?"

तुमच्या बहिणीने जे उत्तर दिलं ते शब्दाला शब्द लिहितो: "मानूस चांगला आहे. काई तरास नाही. निस्ता घोरते लय. मले रातभर झोप नाही. उशीत तोंड खुपसून पडा लागते."

दादा, तुम्ही काल यातली शेवटची दोनच वाक्यं ऐकलीत.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा गावात आला. नळ सोडून भागिरथेला नदीकडून कळशी आणायला लावली. (कळशी सुंदरबाईची, आमच्याकडे प्लास्टिकच्या बादल्या.) मला फाटकापासून दारापर्यंत हळूहळू चालायला लावलं आणि हसायचं नाही म्हणून बजावलं. मग म्हणाले, काका, ताट भिरकावा. मी साफ नाही म्हटलं. आपण बाबासाहेबांची माणसं, बायकोसमोर ताट भिरकावत नाही. जेवण झालं, मी माझं ताट धुवायला घेऊन निघालो आणि ते ओल्या हातातून सटकलं. तेच घेतलं त्यांनी! धुवायला नेत होतो ते कुठे गेलं? ते कापलं.

आता कालचा दिवस. भागिरथेचं गाणं आणि 'कडीबंद'चा शेवटचा भाग, दोन्ही एकाच वेळी. काय पाहायचं यावर आमच्या ओट्यावर सभा बसली. सुंदरबाईच्या डोळ्यांत पाणी. एकीकडे मैत्रीण, दुसरीकडे तो बंगला. तेव्हा भागिरथाच उठली आणि रिमोट तिच्या हातात देऊन म्हणाली, "माह्यं गानं मले पाठ आहे वं. तिथं कोन जितते थे कोनाले ठाऊक हाय?"

म्हणजे माझ्या बायकोचं गाणं पाहायला माझ्याच घरात मला टीव्ही नाही! मी चौकात सेवादासच्या हॉटेलात गेलो. लोकांना गप्प केलं, "माह्यी बायको गाऊन राह्यली," म्हणून आवाज मोठा करायला लावला. आणि मग पडद्यावर मीच आलो. चित्रातला रंग काढून टाकलेला, मी हळूहळू चालत, मागे सारंगी रडतेय. ताट खण्णकन पडलं. भागिरथेचा आवाज आला, "मले रातभर झोप नाही. उशीत तोंड खुपसून पडा लागते." मग ओवीच्या जेमतेम दोन ओळी, परीक्षक डोळे पुसतायत, संपलं.

हॉटेलातले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी ओरडलो, "अरे, मी घोरतो बाप्पा! निस्ता घोरतो!" सेवादासने माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला. म्हणाला, "काका, आमी तुमाले सज्जन समजत होतो."

घरी आलो तर दोघी खरंच रडत बसलेल्या. वाटलं, निदान हिला तरी कळलं. कसचं काय, बंगल्यातली त्यांची आवडती बाई हरली होती. आज सकाळी महिला मंडळ येऊन दारात उभं राहिलं. डेपोतल्या जुन्या कंडक्टरने "वहिनीले जपा" असा निरोप पाठवला. हॉटेलात माझ्याबरोबर आलेल्या पुंजाजींनी आवाज न ऐकता नुसती चित्रं पाहिली आणि तेही नमस्कार घेईनात. आता उरलात तुम्ही. शुक्रवारी येऊ नका, दादा. बहिणीला फोन करून विचारा. मी कसा माणूस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (नसेल तर निदान तिला ठाऊक आहे.)

तुमचा निरपराध,
देवमन

ता. क. : भागिरथेने पत्र वाचलं. सगळं खरं आहे म्हणते, फक्त घोरण्याचं कमी लिहिलं आहे.

ता. क. दुसरा : आत्ताच त्या पोरीचा फोन आला. लोकांनी भागिरथेला भरभरून मतं दिली, ती पुढच्या फेरीत गेली. (मतं गाण्याला की मला, हे विचारायची हिंमत झाली नाही.) पुढच्या भागात त्यांना 'माहेरचा आधार' पाहिजे, कॅमेरा शुक्रवारीच येतोय. तेव्हा वर येऊ नका लिहिलं ते खोडलं समजावे. जरूर यावे. रागातच उतरावे. अंगणात मला मनसोक्त बोलावे, लग्नापासूनचं जे साठलं असेल ते सगळं. मी मान खाली घालून उभा राहीन. (मारणं स्टोरीत नाही, मी विचारून घेतलं आहे.) तिला या वेळी ओवी पूर्ण म्हणू देतो असं त्यांनी कबूल केलं आहे, म्हणून मी हो म्हटलं. वहिनींनाही आणा. रडता येत असेल तर पुढे उभं करतील. येत नसेल तरी काळजी नको, मी शिकवीन; मला आता चांगलं जमायला लागलं आहे.