एका वाडग्यातला चहा

शनिवार, ४ फेब्रुवारी २००६, नेपरव्हिल

आज जपानी चहाच्या क्लासमध्ये माती खाल्ली. तिथे एकच वाडगा सगळ्यांत फिरतो. प्यायचं, काठ पुसायचा, पुढे द्यायचा. माझ्याआधी शेजारी बसलेली लिंडा प्यायली. मी सवयीने ओठ न लावता वरून ओतला. पिठल्यासारखा दाट हिरवा चहा, थेट हनुवटीवर!

शिकवणाऱ्या जपानी बाई शांतपणे म्हणाल्या, “चीनमधल्या मठात भिक्षू असेच एका वाडग्यातून प्यायचे. आम्ही तिथूनच शिकलो.” त्या भिक्षूंना एकमेकांचं चाललं, आणि मला लिंडाचं उष्टं चालत नाही?

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, “बट आई, यू फिनिश माय मिल्क एव्हरी डे!”

संपवते खरी. तरी तो ओला काठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

बास. पुढच्या शनिवारी मुद्दाम लिंडाच्याच शेजारी बसणार. आणि तिने काठ नीट पुसला का, हे बघणारसुद्धा नाही.