सातवीचा निकाल

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढता, ठाऊक आहे मला.

इकडे सूत रंगवायच्या खात्यात नवं यंत्र आलंय. शिकून आलेल्या दोन मुलींना रंगाची छटा कशी ओळखायची ते मीच दाखवतेय, पण यंत्रावर त्याच बसणार. साहेब म्हणाले, बाई, तुमच्या नजरेला तोड नाही, पण दहावीचा कागद हवा. पुढच्या महिन्यापासून मी खोकी बांधायला, निम्म्या पगारावर. म्हणून ठरवलंय, बाहेरून दहावीला बसायचं. सातवीत नापास झालेली ढ बाई चाळिशीत काय दिवे लावते, बघू! सोमवारी शाळेतून दाखला आणते.

तुमची लाडकी,
ताई

९ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

शाळेत जायची घाई करू नकोस. इतके जुने कागद कुठे राहिले असतील? उगाच हेलपाटा पडेल. या वयात ही दगदग कशाला? खोकी बांधण्यात कमीपणा नाही.

तुझा,
बाबा

१४ जून

ती. बाबांस,

तुमचं पत्र यायच्या आधीच जाऊन आले. कारकुनाने जुनी वही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, तुम्ही तर पास आहात, वर्गात दुसऱ्या. मी म्हटलं, नाव चुकलं असेल. त्याने वही माझ्याकडे फिरवली. निकाल नेल्याची सही तुमची आहे.

खरं काय ते लिहा.

ताई

२२ जून

चि. ताईस,

चार कागद फाडले. तेव्हा माझं काम सुटलं होतं. एकालाच शिकवणं झेपणार होतं, आणि तुझा भाऊ मुलगा. हुशार तूच होतीस. शाळा सोड म्हणायला तोंड उघडेना, म्हणून नापास झालीस म्हणालो. वाटलं, भांडशील, बाईंना विचारायला धावशील. तू मान खाली घालून म्हणालीस, मी ढच आहे, बाबा. दुसऱ्या दिवशी कामावर जायला तयार होऊन दारात उभी राहिलीस. मग खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

हवं तेवढं रागाव, पण लिहीत राहा.

बाबा

२१ जुलै

बाबा,

खोकी बांधतेय. फॉर्म भरलाय. रात्री गणिताचं पुस्तक उघडते आणि एकच उदाहरण तीनदा सोडवून बघते.

मुलीने अभ्यासातलं काही विचारलं की मी म्हणायची, मामाला विचार, तुझी आई ढ आहे. कुणी न विचारताही सांगायची. काल तिला गणितात कमी गुण पडले. रडली नाही. म्हणाली, मी आईवर गेलेय.

भावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण एकदा इथे या आणि तिला समोर बसवून सांगा, तुझी आई वर्गात दुसरी आली होती. मी सांगितलं, तर ती हसली.

ताई