दुसऱ्याच मुलीची गोष्ट

ता. ३ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

आईची वाचा परत येणार नाही, हे वाचल्यापासून कशात लक्ष लागेना. कॉलेजच्या परीक्षा संपल्या की निघतेच. तोवर कादंबरीच्या जन्मावरच्या माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पाठवते; तिला वाचून दाखव. तू जांभया देशील, ती ऐकेल. पूर्वी गोष्टी राजांच्या नि देवांच्या असत, शेवट सगळ्यांना ठाऊक. मग घरकामाला ठेवलेल्या एका साध्या मुलीची लांबलचक गोष्ट कुणीतरी छापली. तिचं पुढे काय होणार, या काळजीने परकी माणसं रडली. कादंबरी तिथे सुरू झाली, असं मला वाटतं.

तूही वेळेवर जेव. माया आहेच.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

जांभया दिल्या, खोटं कशाला बोलू! पण त्या मुलीपाशी आलो आणि आईच्या डोळ्यांना धार लागली. तू केलंस का असं काम, विचारलं. तिने माझा हात दाबला. आता आमची तीच भाषा. दाबला की हो. शिलाईचं मशीन बंद ठेवून दुपारभर विचारत बसलो. लहानपणी तिला परक्या घरी ठेवलं होतं. मालकीण मारायची. घरचं कुणी भेटायला यायचं का? हात तसाच पडून राहिला. ताई, इतकी वर्षं आपण तिला नुसती आईच समजत होतो.

लवकर ये. मला प्रश्न सुचत नाहीत.

तुझा धाकटा

ता. १५ मार्च

चि. भाऊस, आशीर्वाद.

रजा टाकली, रविवारी निघते. तिला एवढंच विचार, मी हे लिहू का?

ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू पोचण्याआधीच आई गेली, आणि तू होतीस तेवढे दिवस घर माणसांनी भरलेलं. बोलायचं राहून गेलं.

तुझं पत्र आलं तसं तिला विचारलं, ताईने लिहावं का? हात दाबला नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मी उठायला लागलो, तर हात सोडेना. मग म्हटलं, तुझं नाव नको? दाबला. गावही नको? दाबला. दुसऱ्याच मुलीची गोष्ट म्हणून लिहिली तर? ताई, त्या सुकलेल्या हातात एवढा जोर कुठून आला, कळलं नाही.

पुस्तकाचं तू बघ. पण आधी त्या मुलीला एक चांगलं नाव शोध.

आता आपण दोघंच, लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा